‘२५०० सीएफएम’चं स्टिकर लावलेला पंखा

जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये मोठं इंजिन बसवून झालं की रेडिएटरच्या पंख्याचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो आणि फसवणाऱ्यांचं तिथेच फावतं. गाडी जवळजवळ तयार असते, ती रस्त्यावर आणायची घाई असते, खर्च आधीच हाताबाहेर गेलेला असतो. पंखा म्हणजे किरकोळ वस्तू, असं वाटण्याची हीच वेळ. माझ्या बाबतीत जे घडलं ते सविस्तर लिहितोय, कारण त्याच स्टिकरचा तोच पंखा अजूनही विकला जातोय.

गाडी एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. मूळचं इंजिन १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं. त्याच्या जागी रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं. यात जगावेगळं काही नाही. खुद्द एमजी कंपनीनेच १९७३ ते १९७६ या काळात एमजीबी जीटी व्ही-८ बनवली होती आणि तिला विजेवर चालणारे दोन पंखे दिले होते. इंजिन बसल्यावर वॉटर पंप आणि रेडिएटर यांच्यात इतकी कमी जागा उरते की पट्ट्यावर फिरणारा पंखा तिथे मावत नाही. चपटा इलेक्ट्रिक पंखाच लागतो.

मी ज्याच्याकडे गेलो तो जुन्या गाड्यांतला जाणकार म्हणून ओळखला जातो. त्याने १४ इंची पंखा काढून दाखवला. वर झळझळीत स्टिकर : २५०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला २५०० घनफूट हवा. बॅटरीला जोडून त्याने पंखा हातात धरून फिरवला. समोरचे कागद उडाले. “व्ही-८ला डोळे झाकून लावा, तापमानाचा काटा हलला तर मला सांगा,” म्हणाला.

खरी फसवणूक त्या प्रात्यक्षिकातच होती. मोकळ्या हवेत कमकुवत पंखासुद्धा जोरात वारा सोडतो. त्याच्यासमोर रेडिएटरची दाट जाळी आली की हवेला अडथळा होतो आणि प्रवाह झपाट्याने घटतो. स्टिकरवरचा आकडा नेहमी मोकळ्या हवेतला असतो आणि तोही खरा असेलच असं नाही. स्पालसारखी इटालियन कंपनी प्रत्येक पंख्याचा तक्ता देते : इतका दाब असेल तर इतकी हवा, इतके अँपियर. असा तक्ता मागितल्यावर ज्याला तो काय असतो हेच ठाऊक नसतं, त्याच्या आकड्याला काडीची किंमत नाही.

पंखा लागला. मोकळ्या रस्त्यावर गाडी छान चालायची, पण सिग्नलला थांबली की काटा लाल पट्टीकडे सरकायला लागायचा. हे लक्षण नीट समजून घ्या. वेगात चालणाऱ्या गाडीत रस्त्यावरचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, पंख्याची तिथे फारशी गरज नसते. वेगातही गाडी तापत असेल तर दोष रेडिएटरमध्ये किंवा पाण्याच्या प्रवाहात शोधा. फक्त उभी असताना तापत असेल, तर आधी पंखा तपासा.

विक्रेत्याने मात्र भलत्याच दिशेला नेलं. आधी म्हणाला, पाण्यात हवा अडकलीय. मग कमी तापमानाला उघडणारा थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, गळ्यात मारला. थर्मोस्टॅट लवकर उघडला म्हणून रेडिएटरची ताकद वाढत नाही. तो पूर्ण उघडल्यानंतर जे काही व्हायचं ते रेडिएटर आणि पंख्याच्या जोरावरच. त्यानंतर ‘तुमचा रेडिएटरच लहान आहे’ हे सुरू झालं आणि अर्थातच मोठा रेडिएटर त्याच्याकडेच तयार होता. एक खोटं झाकण्यासाठी पुढची वस्तू विकायची, ही त्याची रीत. याचा मला अजूनही संताप येतो, कारण अशा उपचारांत एखाद्याचं चांगलं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन तापून हेड (सिलिंडरांवरचं झाकण) वाकतं आणि कित्येक महिन्यांची मेहनत जाते.

उलगडा केला तो क्लॅम्प मीटरने, म्हणजे वायरीभोवती अडकवून तिच्यातला प्रवाह मोजणाऱ्या मीटरने. इंजिन चालू ठेवून पंख्याच्या वायरीवर मीटर लावला, तर पंखा सात अँपियरसुद्धा ओढत नव्हता. म्हणजे जेमतेम ८० ते ९० वॅट. आता साधा हिशेब करा. २५०० सीएफएम म्हणजे सेकंदाला सुमारे १.१८ घनमीटर, वजनाने जवळपास १.४ किलो हवा. १४ इंची वर्तुळातून ती जायची तर वेग सेकंदाला साधारण १२ मीटर हवा. हवेला एवढा वेग द्यायलाच १०० वॅट लागतात, तेही मोटरमध्ये आणि पात्यांत काहीच वाया जात नाही असं धरून. प्रत्यक्षात बरंच वाया जातं. ८० वॅटच्या मोटरकडून २५०० सीएफएम निघणं शक्यच नाही. ते स्टिकर सरळसरळ थाप होतं.

व्ही-८ला पुरेल असा एकच मोठा पंखा साधारण २० अँपियर किंवा त्याहून जास्त ओढतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. म्हणून त्याला जाड वायर, स्वतंत्र फ्यूज, रिले (मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग हवंच. ‘जुन्या वायरिंगवरच चालेल, रिलेची गरज नाही’ असं कुणी म्हणालं तर पंखा दुबळा असल्याची ती कबुलीच समजा. सुरुवातीच्या एमजीबीतला लुकास कंपनीचा डायनॅमो (वीज तयार करणारं यंत्र) सगळा मिळून २२ अँपियर द्यायचा, म्हणजे जवळपास एका पंख्यापुरताच. इंजिन नवं आणि वायरिंग तेव्हाचं, अशा गाड्या मी पाहिल्या आहेत. तिथे आग लागू शकते.

श्राउडबद्दलही, म्हणजे पंख्याला जाळीशी जोडणाऱ्या आवरणाबद्दलही, विक्रेत्याने अवाक्षर काढलं नव्हतं. पंखा प्लास्टिकच्या पट्ट्यांनी थेट जाळीतून आवळून दिला होता. त्या पट्ट्या हादऱ्यांनी जाळी आणि नळ्या घासतात. शिवाय २४ बाय १६ इंचांच्या जाळीवर १४ इंची पंखा नुसता टेकवला तर जेमतेम ४० टक्के भागातून हवा ओढली जाते. पूर्ण जाळी झाकणारा श्राउड आणि त्यात इंजिनाच्या बाजूने हवा ओढणारा पंखा, हीच चांगली मांडणी. समोरून ढकलणारा पंखा जागाच नसेल तरच घ्यावा. आणि ‘तारा उलट्या जोडल्या की ढकलणारा ओढणारा होतो’ हे अर्धसत्य आहे. पाती उलटी बसवली नाहीत तर हवा खूप कमी मिळते.

मी पंखा परत द्यायला गेलो तेव्हा त्याने हात वर केले. “वायर जोडलेला इलेक्ट्रिकचा माल परत होत नाही.” बिलावर फक्त ‘कूलिंग फॅन, १ नग’ एवढंच. ना कंपनी, ना पार्ट नंबर, ना अँपियर. २५०० हा आकडा कुठेच नव्हता, त्यामुळे तक्रारीला कागदोपत्री आधारच उरला नाही.

आता गाडीत पूर्ण श्राउड आणि तक्त्यासह घेतलेला पंखा आहे. रेडिएटर तोच, ज्याला लहान म्हणून हिणवलं होतं. भर उन्हात उभी असली तरी काटा मध्यावर राहतो. हा पंखा घेताना मी क्लॅम्प मीटर सोबत नेला, पंखा बॅटरीवर चालवून अँपियर मोजले आणि पार्ट नंबर, अँपियर व दाबासकट हवेचा आकडा बिलावर लिहून घेतला. या नव्या विक्रेत्याने विनातक्रार लिहून दिलं.