मशीन आठ डॉलरचं, बिल कितीचं? एडब्ल्यूएसचा मुंबई रीजन
एडब्ल्यूएस म्हणजे अ‍ॅमेझॉनची इंटरनेटवरून कॉम्प्युटर भाड्याने देणारी क्लाउड सेवा. रीजन म्हणजे तिच्या डेटा सेंटरांचा एका भागातला गट, झोन म्हणजे त्यातले एकमेकांपासून वेगळे ठेवलेले हिस्से. जून २०१६ मध्ये दोन झोनवर सुरू झालेल्या मुंबई रीजनमध्ये आता तीन झोन आहेत. महाराष्ट्रातल्या ग्राहकांसाठी साइट किंवा अ‍ॅप चालवायचं तर सिंगापूरपेक्षा इथून उत्तर लवकर येतं. वेगाबद्दल तक्रारीला जागा नाही. बिलाबद्दल आहे.

टी३.मायक्रो हे भाड्याचं छोटं मशीन घ्या. दोन व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर), एक जीबी रॅम, लिनक्सवर तासाला ०.०११२ डॉलर. महिन्याचे ७३० तास धरले तर आठ डॉलरच्या थोडं वर. त्याला पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, लावला की १ फेब्रुवारी २०२४ पासून तासाला ०.००५ डॉलर, म्हणजे महिन्याला ३.६५. घर आठ डॉलरचं आणि नुसत्या पत्त्याचं भाडं त्याच्या निम्म्याच्या जवळपास! डिस्क वेगळी, वर १८ टक्के जीएसटी.

खरी गंमत सीपीयू क्रेडिटमध्ये आहे. टी३.मायक्रो प्रत्येक व्हीसीपीयूच्या फक्त १० टक्के ताकदीचा हक्क देतं. त्यापेक्षा कमी वापर असेल तर क्रेडिट साठतं, जास्त झाला की खर्च होतं. साठा संपला तरी मशीन मंदावत नाही, कारण टी३ मुळातच ‘अनलिमिटेड’ मोडमध्ये येतं आणि जादा वापराचे व्हीसीपीयू-तासाला ०.०५ डॉलर लागतात. साठा रिकामा असताना एखादी स्क्रिप्ट अडकून दोन्ही व्हीसीपीयू दिवसभर पूर्ण भाराने फिरले, तर ४८ पैकी ४.८ तास हक्काचे, उरलेल्या ४३.२ तासांचे २.१६ डॉलर. मशीनचं स्वतःचं दिवसाचं भाडं २७ सेंट. अशी वेळ येऊ द्यायची नसेल तर क्रेडिट मोड ‘स्टँडर्ड’ करा. मशीन रडतखडत चालेल, पण बिल फुगणार नाही.

आत येणारा डेटा फुकट, बाहेर जाणारा महिन्याला १०० जीबीपर्यंत फुकट. त्यानंतर मुंबईत जीबीला ०.१०९३ डॉलर. ५०० जीबी व्हिडिओ पाठवले तर ४३.७२ डॉलर झाले.

मशीन ‘स्टॉप’ केलं की भाडं थांबतं, डिस्कचं मीटर चालूच राहतं. आरडीएस या एडब्ल्यूएसच्या सेवेवरचा डेटाबेस तर थांबवला तरी सात दिवसांनी आपोआप उठतो. शिवाय डिस्क एकाच झोनला बांधलेली असते. तो झोन पडला तर दुसऱ्या झोनमधल्या मशीनला ती जोडता येत नाही, स्नॅपशॉटमधूनच (डिस्कच्या आधी काढून ठेवलेल्या प्रतीतूनच) नवी बनवावी लागते. म्हणून रोजचा स्नॅपशॉट हवाच.

हा झाला पब्लिक क्लाउड: इमारत, यंत्रं त्यांची, भाडेकरू अनेक. ‘व्हीपीसी’ नावात प्रायव्हेट असलं तरी ते या भाड्याच्या जागेतलं तुमचं कुंपण घातलेलं नेटवर्क आहे, प्रायव्हेट क्लाउड नव्हे. प्रायव्हेटमध्ये सगळी यंत्रणा एकाच संस्थेसाठी राबते. वीज, एसी, बिघडलेल्या डिस्क यांचा व्याप बहुधा तिच्याच गळ्यात. सारख्या गरजांच्या संस्थांनी वाटून घेतलेला तो कम्युनिटी क्लाउड. सरकारी खात्यांसाठीचा ‘मेघराज’ त्याच्या जवळ जातो.

छोट्या कारखान्याला बहुतेक वेळा हायब्रिडच, म्हणजे थोडं स्वतःचं आणि थोडं पब्लिक, परवडतो: हिशेबाचा सर्व्हर ऑफिसात, ऑर्डरची साइट मुंबई रीजनमध्ये, मध्ये व्हीपीएन, म्हणजे दोन्हींना जोडणारा सुरक्षित टनेल. इथे एक चूक हमखास होते. ऑफिसच्या राउटरवर १९२.१६८.१.० ही आयपी पत्त्यांची रेंज असते आणि व्हीपीसीलाही कुणीतरी तीच देतं. टनेल हिरवा दिसतो, पण पॅकेट पोचत नाही, कारण दोन्ही बाजूंना तो पत्ता आपल्याच घरातला वाटतो. व्हीपीसीची मूळ रेंज नंतर बदलता येत नाही. नवी व्हीपीसी करून सगळं हलवावं लागतं. रेंज आधी कागदावर ठरवा.

भार कमी-जास्त होत असेल, सणासुदीला चौपट होत असेल, तर हा रीजन घ्यावाच. वर्षभर एकाच लयीत चालणाऱ्या साध्या साइटला ठरावीक मासिक दराचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) बरा. हा रीजन घेतलाच तर पहिल्या दिवशी बजेट अलर्ट लावा, मात्र तो नुसता मेल धाडतो. मशीन थांबवायला बजेट अ‍ॅक्शन (खर्च मर्यादेपुढे गेला की आपोआप होणारी कृती) वेगळी जोडावी लागते, आणि बिलाचे आकडे काही तास उशिरानेच येतात.