बबल सीपॅप मशीन, नऊ महिने वापरून (साडेतीन तारे)

कंपनीचं नाव देत नाही, कारण तक्रारी आहेत. आमच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात हे मशीन येऊन नऊ महिने झाले. १२ वॉर्मर (बाळांना ऊब देणारे पलंग) आणि रात्री दोन सिस्टर. त्यातली मी एक.

सीपॅप म्हणजे स्वतः श्वास घेणाऱ्या बाळाच्या फुप्फुसात सतत थोडा दाब ठेवणं. काम अगदी साधं. हवा आणि ऑक्सिजनचं कोमट, ओलसर मिश्रण प्रॉन्ग्जमधून, म्हणजे नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या नळ्यांतून, बाळाच्या नाकात जातं. परतीच्या नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात ५ सेंटिमीटर बुडवलं की तेवढंच प्रेशर. दिवस न भरलेल्या बाळाच्या फुप्फुसातले फुगे श्वास सोडला की मिटतात, ते या प्रेशरनं उघडे राहतात.

मला सगळ्यात आवडली ती बाटलीतल्या बुडबुड्यांची गुडगुड. बाळाकडे पाठ करून औषध भरत असले तरी कान तिकडेच. गुडगुड थांबली की समजायचं, प्रॉन्ग निसटलाय, नाहीतर बाळानं तोंड उघडलंय. मशीनचा अलार्म कशालाही बोंबलतो, त्याच्याकडे आता कुणी बघतही नाही. अर्थात गुडगुड चालू म्हणजे सगळं आलबेल, असं नाही. बाळ कण्हतंय का, छाती आत ओढली जातेय का, ते पाहावंच लागतं. ब्लेंडर, म्हणजे हवा-ऑक्सिजनचं प्रमाण ठरवणारा भाग, चांगला आहे. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी, ९५ टक्क्यांच्या वर गेलं की ऑक्सिजन लगेच कमी करता येतो. जास्त ऑक्सिजन बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याला बाधतो.

आता बाटली. परतीच्या नळीत वाफेचं पाणी होतं आणि थेंबथेंब बाटलीत उतरतं. रात्री ५ सेंटिमीटरवर लावलेलं प्रेशर पहाटेपर्यंत साडेसहा सेंटिमीटरवर! जास्तीचं पाणी जायला बाटलीला वाटच नाही, म्हणून आम्ही सिरिंजनं काढत बसतो. अमेरिकी डॉक्टर जॉर्ज ग्रेगरींनी हा दाबाचा उपाय १९७१ साली मांडला; तेव्हापासून एवढी वर्षं गेली, पण यांना बाटलीला एक भोक पाडणं सुचलं नाही. बाटलीवरचे आकडे स्पिरिटनं दोन महिन्यांत पुसले गेले. आता चिकटपट्टीवर पेननं लिहिलेत.

खरा त्रास प्रॉन्ग्जचा. छोटा घातला तर हवा गळते, मोठा घातला तर नाक दाबलं जातं. प्रॉन्ग आणि नाकाच्या मधल्या पडद्यात दोन मिलिमीटर तरी फट हवी, नाहीतर तिथली कातडी आधी लाल, मग काळी. सोबतची टोपी दोन धुण्यांत सैल झाली. एका बाळाच्या आजीनं जुन्या बनियनची शिवून दिली, तीच अजून घट्ट बसते. नळ्या तिलाच पिनांनी अडकवतो.

घ्यायचं असेल तर घ्या, मशीन वाईट नाही. पण ऑर्डर देण्याआधी सगळ्यात लहान प्रॉन्ग्ज वर्षभर मिळतील का आणि काय भावानं, हे लेखी घ्या. आमच्याकडचे दुसऱ्याच महिन्यात संपले. मागणीचा कागद अजून स्टोअरमध्येच आहे.