आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातला संदर्भ विभाग: चार महिन्यांचा अनुभव

मी पुण्यात एका रुग्णालयात परिचारिका आहे. नोकरीला सतरा वर्षं झाली. मागच्या वर्षी इतिहास विषय घेऊन एम.ए.ला नाव घातलं. दुसऱ्या सत्रात प्रत्येकाला वीस पानांचा शोधनिबंध द्यायचा होता आणि विषय निवडायला मला वेळ लागला नाही: १८९७ मधला पुण्याचा प्लेग. त्या निबंधासाठी कॉलेजच्या ग्रंथालयातला संदर्भ विभाग मी चार महिने वापरला. नोकरी सांभाळून शिकणारी बरीच मंडळी हल्ली प्रवेश घेतात आणि "तिथं खरंच काही मिळतं का, की गूगलवरच भागवायचं?" असं विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिल्या दिवशी नाइट ड्यूटी संपवून सकाळी दहाला थेट ग्रंथालयात गेले. कॅटलॉगच्या संगणकावर 'पुणे' आणि 'प्लेग' असे दोन शब्द इंग्रजीत टाकले. दोन पुस्तकं आली, दोन्ही चरित्रं. तिसऱ्यांदा तेच शब्द टाकत होते तेव्हा ग्रंथपाल मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एकच विचारलं, "सिस्टर, त्या वेळी इंग्रज पुण्याला काय म्हणायचे?"

पूना. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मॅडमनी खणातून एक जुनं तालिकापत्र काढलं. संगणक येण्याआधी कॅटलॉगच्या ड्रॉवरमध्ये असायचं तसलं, खालच्या बाजूला सळईसाठी भोक पाडलेलं. त्याच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीने शब्द लिहून दिले. पूना. बॉम्बे प्रेसिडेन्सी. ब्युबॉनिक. एपिडेमिक डिसीजेस ॲक्ट. सॅनिटरी कमिशनर. मराठीसाठी वेगळी ओळ: प्लेग, ग्रंथिज्वर, गाठीचा ताप. त्याखाली चापेकर आणि चाफेकर, दोन्ही. हे शब्द एकेक करून टाकत गेले तेव्हा अर्ध्या तासात अकरा नोंदी हाती आल्या. पुस्तकं तीच, कपाटं तीच, फक्त हाक मारायचं नाव बदललं होतं.

दुसरी गोष्ट कपाटांची. मी इतिहासाची विद्यार्थिनी, म्हणून ९५४ क्रमांकाच्या रांगेत फिरत होते. भारताचा इतिहास तिथं लागतो. मॅडमनी सांगितल्यावर शिपाईमामा मला पार दुसऱ्या टोकाला घेऊन गेले, ६१४ कडे. तो सार्वजनिक आरोग्याचा क्रमांक. खिडकीखालची एकच फळी, तिच्यावर जेमतेम वीस पुस्तकं, पण साथींच्या इतिहासावरची कामाची तीन पुस्तकं तिथंच होती. त्या रांगेत इतिहासाचं कुणी जात नाही, असं मामा म्हणाले.

आता खऱ्या कामाबद्दल. मी आंतरजालावरचे सहा लेख छापून नेले होते आणि निम्मा निबंध त्यांच्यावरच उभा राहील अशी माझी समजूत होती. मॅडमनी ते टेबलावर ओळीने मांडायला सांगितले आणि विचारलं, "रँड कोण होता?" मी म्हटलं, लष्करी अधिकारी. सहापैकी चार लेखांत तसंच होतं, एकात तर 'जनरल रँड'. मॅडमनी संदर्भग्रंथ उघडून दाखवला. वॉल्टर चार्ल्स रँड हा मुलकी अधिकारी होता, इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधला. पुण्यात असिस्टंट कलेक्टर आणि खास प्लेग समितीचा अध्यक्ष. लष्करातला होता तो लेफ्टनंट आयर्स्ट. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी दोघांवर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तिथंच गेला, रँड ३ जुलैला. माझ्या तीन लेखांत रँडही जागीच ठार झाला होता, आणि त्या तिन्ही लेखांत एक वाक्य तर शब्दन् शब्द तेच होतं. म्हणजे तीन साक्षीदार नव्हतेच. एकाचंच दोघांनी उतरवून घेतलं होतं.

आमच्याकडे वॉर्डात नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात हेच शिकवावं लागतं. केसपेपरवर 'रात्री ताप होता' एवढं लिहिलेलं चालत नाही. किती होता, किती वाजता बघितला, कुणी बघितला, खाली सही कुणाची? थर्मामीटर लावून लिहिलंय, की नातेवाइकांनी सांगितलं म्हणून लिहिलंय? आणि हँडओव्हर घेताना आधीच्या शिफ्टचं बघून पुढच्या शिफ्टने तोच आकडा उतरवला असेल तर ती दुसरी नोंद धरायची नाही. मी हे मॅडमना बोलून दाखवलं, तशा त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला मी वेगळं काय शिकवू? पुस्तकाचाही केसपेपरच बघायचा." त्या दिवसापासून प्रत्येक साधनासाठी मी वहीत चार रकाने आखले: कोण, कधी, स्वतः पाहिलं की ऐकलं, आणि हे लिहिण्यात त्याचा काय हेतू.

शेवटचा रकाना सगळ्यांत अवघड गेला. प्लेगच्या कामावर एम. ई. काउचमन या अधिकाऱ्याने तयार केलेला १८९७ चा सरकारी अहवाल आहे, सप्टेंबर १८९६ ते मे १८९७ या काळाचा. त्याच वर्षीचं, अगदी जवळून लिहिलेलं साधन. पण तो सरकारने सरकारच्या कामाविषयी लिहिलेला आहे. किती घरं तपासली, किती रोगी हलवले, यासाठी तो हवाच. रोगी शोधायला घरात गोरे सोल्जर शिरले तेव्हा आतल्या बायकांवर काय गुदरलं, हे त्याला विचारून उपयोग नाही. दुसऱ्या बाजूला 'केसरी'. दर मंगळवारी निघणारा, लोकांची चीड नेमकी पकडणारा, आणि १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावरून टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तोही हेतूशिवाय लिहिलेला नाही. मॅडमचं म्हणणं असं की हेतू आहे म्हणून साधन फेकायचं नसतं, कुठल्या प्रश्नासाठी ते वापरायचं एवढं ठरवायचं असतं.

याच टेबलावर मला गोखल्यांची हकिगत कळली आणि निबंधाचा गाभाच बदलला. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडात होते. पुण्याहून स्नेह्यांची पत्रं गेली, त्यांत सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचं लिहिलं होतं. त्या पत्रांच्या भरवशावर गोखल्यांनी 'मँचेस्टर गार्डियन' या तिथल्या वृत्तपत्राला निवेदन दिलं. पुरावा मागितला गेला तेव्हा तो उभा राहिला नाही. मुंबईत परतल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. तेव्हा ते फक्त एकतीस वर्षांचे होते. लिहिणारी माणसं विश्वासातली होती, पण आपण स्वतः पाहिलं नाही आणि ज्यांनी पाहिलं त्या पुढे येऊ शकत नाहीत, या पेचात ते सापडले.

परिचारिका म्हणून मला इथं थांबावंसं वाटलं. बाई पुढे आली नाही म्हणजे काही घडलं नाही, असं मी वॉर्डात कधी धरलेलं नाही, इथंही धरणार नव्हते. मॅडमना तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही, आणखी एक साधन सुचवलं: पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी 'बॉम्बे गार्डियन'ला पाठवलेलं पत्र, प्लेगच्या रुग्णालयात बायकांना कशी वागणूक मिळते त्याबद्दलचं. एका स्त्रीने स्वतःच्या नावानिशी लिहिलेलं. माझ्या निबंधाची सहा पानं मग याच प्रश्नाला गेली: ऐकीव माहितीचं वजन किती आणि गप्प राहण्याचं वजन किती.

आंतरजालावरचं काहीच वापरू नका असं मॅडम कधी म्हणाल्या नाहीत. काय वापरायचं ते त्यांनी नेमकं दाखवलं. शोधगंगा या संकेतस्थळावर भारतातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध मोफत वाचायला मिळतात. तिथं प्रबंध उघडला की पहिलं प्रकरण वाचू नका, संदर्भसूचीची फाइल वेगळी असते ती आधी उघडा, ही युक्ती एकट्यानेच माझे दोन आठवडे वाचवून गेली. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश भारताच्या वैद्यकीय इतिहासाचे सरकारी अहवाल स्कॅन करून खुले ठेवले आहेत, प्लेगचा भाग त्यात भरपूर आहे. इंटरनेट आर्काइव्हवर जुने अहवाल शोधताना पुस्तकाचं नाव पाठ असण्यापेक्षा साल आणि छापणारं कार्यालय माहीत असणं जास्त उपयोगी पडतं. आणि डेव्हिड अर्नोल्ड यांचं वसाहतकालीन वैद्यकावरचं १९९३ चं पुस्तक आमच्याकडे नव्हतं, म्हणून मॅडमनी विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयासाठी पत्र दिलं. तिथं जाताना विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोर मी उभी राहिले. ते जुनं गव्हर्नमेंट हाऊस. २२ जूनच्या रात्री मेजवानी आटोपून रँड याच इमारतीतून निघाला होता.

आमच्या वर्गातल्या एका मुलाने चॅटबॉटकडून संदर्भ मागवले होते. लेखक, साल, पानं, सगळं व्यवस्थित. त्यातली दोन पुस्तकं कुठल्याच कॅटलॉगमध्ये सापडेनात. मॅडमनी चार ठिकाणी शोधून बघितलं आणि अशी पुस्तकंच नाहीत हे त्याला शांतपणे सांगितलं. त्याचे आठ दिवस गेले. निबंधात ती नावं गेली असती तर त्याहून वाईट झालं असतं.

आता जिथं कमी पडतं ते. विभाग साडेपाचला बंद होतो. दिवसपाळी करणाऱ्याला शनिवार सोडला तर पोचता येत नाही, मला नाइट ड्यूटी असलेल्या आठवड्यांतच जमलं. कॅटलॉगचे संगणक दोन, त्यातल्या एकावर मराठी टंकलेखन नाही. जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड कुलपात असतात आणि किल्ली एकाच माणसाकडे. तो रजेवर असला की दोन दोन दिवस थांबावं लागतं. झेरॉक्सला बांधीव खंड देत नाहीत, ते बरोबरच आहे, पाठी उकलतात. मोबाइलने फोटो काढू देतात, अर्ज आधी द्यावा लागतो. पंखा आहे, प्यायच्या पाण्याची सोय खालच्या मजल्यावर. पुस्तकांची संख्या सांगून प्रभाव पडावा असं हे ग्रंथालय नाही, हे मी स्पष्ट लिहिते.

पण निबंध कसा उभा करायचा हे मला इथं शिकायला मिळालं, आणि ते फीमध्येच आहे, वेगळे पैसे नाहीत. जाताना मोघम विषय घेऊन जाऊ नका. 'प्लेगवर काही आहे का' म्हटलं तर दोन पुस्तकं मिळतील. 'प्लेगच्या रुग्णालयातल्या स्त्रियांबद्दल त्या काळी कुणी लिहिलं' असं विचारलंत तर मॅडम खुर्चीतून उठतात. सकाळी दहा ते बाराच्या मध्ये जा, तेव्हा त्या मोकळ्या असतात. आणि तुमच्याकडे छापलेले लेख असतील तर लाजू नका, सोबत न्या.

ते पेन्सिलीने लिहिलेलं तालिकापत्र मी चार महिने वहीत जपून ठेवलं होतं. निबंध दिल्यावर त्यावर मला वाटेत सापडलेले आणखी सात शब्द घातले: सेग्रिगेशन कॅम्प, क्वारंटाइन, झडती, असे. परवा ते मॅडमना परत नेऊन दिलं. पुढच्या तुकडीतल्या एका मुलीने १९१८ चा इन्फ्लुएन्झा घेतला आहे, तिला ते दाखवते म्हणाल्या.