अधिसभा की विद्यापरिषद?

आमच्या विभागातली सहकारी विचारतेय, पुणे विद्यापीठाच्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज कुठे भरू, अधिसभेसाठी (सिनेट) की विद्यापरिषदेसाठी (अकॅडमिक कौन्सिल)? दोन्हीकडे शिक्षकांच्या जागांची मुदत पाच वर्षं, मतदार शिक्षकच.

अधिसभेवर महाविद्यालयांतले दहा शिक्षक निवडून जातात. त्यांतल्या पाच जागा राखीव, त्यात एक महिलांसाठी. मतदार पुणे, अहिल्यानगर, नाशिक अशा तीन जिल्ह्यांत विखुरलेले. मतं पसंतीक्रमाने, म्हणून दुसऱ्या पसंतीसाठीही फिरावं लागतं. संघटनेशिवाय हे फार अवघड, आणि मला हे खटकतं.

विद्यापरिषदेवर शिक्षक विद्याशाखेनुसार जातात. प्रचार आपल्याच विषयांच्या लोकांत.

अर्थसंकल्पावर, शुल्कावर प्रश्न विचारायचे असतील तर अधिसभा. अभ्यासक्रम, परीक्षेचा दर्जा हाच ध्यास असेल तर विद्यापरिषद. सहकारीचा जीव अभ्यासक्रमात आहे. तिने विद्यापरिषदच लढवावी.