‘डॉक्टर’ म्हणत म्हणत ६०,५२८ रुपये घेऊन गेला

आकडा आधी लिहून टाकतो. घरी तो सगळ्यात शेवटी सांगितला होता आणि त्याबद्दल वेगळी बोलणी खाल्ली. ६०,५२८ रुपये. नऊ दिवसांत, पाच वेळा मिळून. प्रत्येक वेळी यूपीआयचा पिन मी माझ्या बोटांनी टाकला. फोन हॅक झाला नाही, कुणी ओटीपी चोरला नाही. मी दिले, कर्ज मिळवून देतो म्हणणाऱ्या फोनवरच्या एका भामट्याला.

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, खासगी कॉलेजात. ‘एवढं शिकलेला पोरगा आणि असा कसा फसला’ हे दोन्ही काकांकडून, शेजारच्यांकडून आणि एका हवालदाराकडूनही ऐकून झालंय. नीटला चांगले मार्क पडले म्हणजे कर्जाची कागदपत्रं वाचता येतात असं थोडंच आहे. शरीराची सगळी हाडं पाठ आहेत, पण ‘मंजुरीपत्र’ नावाचा कागद आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो.

पहिल्या वर्षाची फी बाबांच्या पीएफमधून गेली. दुसऱ्या वर्षाची ८,१०,०००. घरात होते ६०,०००: सोयाबीनचे २५,००० आणि आईची भिशी लागली त्यातले ३५,०००. मी नि बाबा बँकेत गेलो आणि सरळ आठ लाख मागितले. आठ का? गोल आकडा बरा वाटला म्हणून. साहेब म्हणाले तारण लागेल. शेत आहे, पण सातबाऱ्यावर दोन्ही काकांची नावं आहेत आणि वाटणीचा वाद चालू आहे. साहेबांनी फाइल आमच्याकडे सरकवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. संपलं.

आता हे वाचा, कारण मला हे दोन महिन्यांनी, दुसऱ्याच शाखेतल्या एका क्लार्क मॅडमनी सांगितलं. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राची पतहमी योजना आहे, त्यात तारणही लागत नाही आणि तिसरा जामीनदारही नाही. साडेसातच्या वर गेलात की सहसा तारण. आम्ही साडेसात मागितले असते आणि घरचे साठ हजार घातले असते, तर बरोबर ८,१०,००० होत होते. बरोब्बर. त्या साहेबांना हे एक वाक्य बोलायला किती वेळ लागला असता? पुढच्या वर्षांचं पुढे बघितलं असतं. आणि ज्या साठ हजारांनी हे गणित जुळत होतं, नेमके तेच त्या भामट्याच्या खात्यात गेले.

हॉस्टेलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी मेसेज फिरवला होता, ‘मेडिकल विद्यार्थ्यांसाठी विनातारण कर्ज, ७२ तासांत’. पुढची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे, अशा गोष्टी सगळ्यांच्या सारख्याच असतात. माझ्या बाबतीत वेगळं एवढंच की फोनवरचा तो माणूस अस्सल मराठी बोलत होता आणि पहिल्या फोनपासून मला ‘डॉक्टर’ म्हणत होता. ‘डॉक्टर, जेवलात का?’ ‘डॉक्टर, तुम्ही अभ्यास करा, कागदाचं टेन्शन आमच्यावर सोडा.’ बँकेतल्या साहेबांनी आम्हाला बसा म्हटलं नव्हतं. हा मला डॉक्टर म्हणत होता. लाज वाटते लिहायला, पण निम्मा फसलो तो इथेच.

हिशोब असा. १२ तारखेला फाइल चार्ज २,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,९५०. १४ ला प्रोसेसिंग फी, कर्जाच्या एक टक्का, ८,००० आणि जीएसटी, ९,४४०. १६ ला कर्जाचा विमा १६,५००, ‘हा परत मिळतो’. १८ ला, तारण नाही म्हणून हमी शुल्क, ११,८००. २० ला दोन आगाऊ हप्ते, १९,८३८. बेरीज करून बघा. साठ हजार संपले तेव्हा वरचे ५२८ मी मेसच्या पैशांतून घातले. रुपयापर्यंत चोख हिशोब ठेवणारा माणूस चोर कसा असेल, असंच तेव्हा वाटत होतं. जीएसटी लावणारा माणूस खरा वाटतो हो.

आता ती २० तारीख. यावर मी रात्र रात्र जागलोय.

मंजुरीपत्र १७ लाच आलं होतं. एका मोठ्या बँकेचा लोगो, गोल शिक्का, माझं पूर्ण नाव, आठ लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत दहा वर्षं, हप्ता ९,९१९. आणि त्याच्याच खाली, चौथ्या मुद्द्यात, स्वच्छ छापलेलं: परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होईल. मी ते वाचलं. नुसतं वाचलं नाही, बाबांना फोनवर वाचून दाखवलं, ‘बघा, इंटर्नशिप झाल्यावरच हप्ते.’ बाबा खूश झाले. आणि तीनच दिवसांनी तो म्हणाला, दोन हप्ते आगाऊ भरा, तरच पैसे सुटतील.

जो हप्ता चार-पाच वर्षांनी सुरू होणार, तो आज आगाऊ कसा?

हा प्रश्न मला पडला होता. पडला नव्हता असं म्हणालो असतो तर निदान अडाणी म्हणून सुटलो असतो. हॉस्टेलच्या जिन्यात उभा होतो, एका हाताला शवविच्छेदनाच्या हॉलमधला फॉर्मॅलिनचा वास, दुसऱ्या हातात फोन. मी त्याला विचारलंसुद्धा. तो हसून म्हणाला, ‘डॉक्टर, ही सिक्युरिटी आहे. तुमच्या शेवटच्या हप्त्यात वळती होईल.’ आणि मी त्याचं उत्तर स्वतःलाच पटवून दिलं. फी भरायला पाच दिवस उरले होते, ४०,६९० आधीच गेले होते, आणि आता नाही म्हटलं तर तेही बुडणार होते. पुढचे पैसे मागच्या पैशांना वाचवायला दिले जातात. जुगारात होतं तेच.

दोन गोष्टी आणखी दिसल्या होत्या, त्याही सांगून टाकतो. पैसे जायचे ते खातं कंपनीचं नव्हतं, पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर एका माणसाचं नाव यायचं. विचारल्यावर ‘आमचे अकाउंटंट’. आणि पावतीवरचा जीएसटी नंबर ०९ ने सुरू होत होता. ऑफिसचा पत्ता महाराष्ट्रातला, आणि महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, ०९ उत्तर प्रदेशचा. हे मात्र मला तेव्हा माहीत नव्हतं, शप्पथ. जीएसटीच्या साइटवर तो नंबर टाकून बघायला एक मिनिट लागतं, फुकट.

२१ ला त्याने ‘आरबीआयचं एनओसी’ म्हणून २८,००० मागितले. माझ्याकडे नव्हते. पैसे असते तर दिले असते, हे पण लिहून ठेवतो. रूममेटने माझ्या हातातून फोन घेतला, पत्र वाचलं आणि एकच विचारलं, ‘रिझर्व्ह बँक तुला कशाला एनओसी देईल रे?’ त्यानंतर तो नंबर बंद.

कर्ज देणारा आधी पैसे मागत असेल तर फोन ठेवा. खऱ्या कर्जात काही शुल्क असलंच तर ते बँकेच्या स्वतःच्या खात्यात जातं, कुणा अकाउंटंटच्या बचत खात्यात नाही. अ‍ॅपवरून किंवा मध्यस्थाकडून मिळणाऱ्या कर्जांसाठी तर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे: मध्यस्थाचं शुल्क कर्ज देणाऱ्या संस्थेने द्यायचं, कर्जदाराकडून घ्यायचं नाही. हा नियम मला फसल्यावर कळला, बाकी सगळ्यासारखा.

त्याच संध्याकाळी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला. तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला. व्यवहारांचे बारा अंकी यूटीआर नंबर हाताशी ठेवा, ते विचारतात, आणि मी ते शोधण्यात वीस मिनिटं घालवली. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. माझे पहिले चार व्यवहार केव्हाच हवेत गेले होते. पाचव्यातले ७,२१२ कुठल्यातरी तिसऱ्या खात्यात गोठले. तेवढेच.

मग पोलीस ठाणं. हॉस्टेलजवळच्या ठाण्यात म्हणाले, काही पैसे वडिलांच्या खात्यातून गेलेत ना, मग गावाकडे जा. १४० किलोमीटर एसटीने गावी गेलो. गावाकडच्या ठाण्यात म्हणाले, फोन तुला हॉस्टेलवर आला ना, मग तिकडे जा. पुन्हा एसटी. तिकडे साहेब बंदोबस्ताला गेलेले. दुसऱ्या दिवशी साहेब आले, पण ‘सायबरचं बघणारा मुलगा’ रजेवर. चौथ्या फेरीला एका हवालदाराने माझा अर्ज घेतला, पूर्ण वाचला आणि मागच्या टेबलावरच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाला, ‘हा उद्या आपली ऑपरेशनं करणार बघ.’ दोघं हसले. मी पण हसलो. का हसलो देव जाणे. पोच म्हणून अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का मारून दिला, तोही अर्धाच उमटलेला.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे आणि तिच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी ठाण्याला दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे कलम मी प्रिंट काढून खिशात ठेवलं होतं. पाचव्या फेरीला दाखवलं. ‘कायदा आम्हाला शिकवू नको’ हे उत्तर मिळालं, पण एफआयआर झाला. प्रिंट काढून न्या. फसवणुकीचं कलम आता ४२० नाही, भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, तेही अर्जात लिहा.

बँकेत (आमच्याच, जिथे आमचं खातं आहे) उत्तर एका वाक्याचं: ‘पिन तुम्हीच टाकलाय.’ ग्राहकाच्या परवानगीशिवाय पैसे गेले तर भरपाईचे नियम आहेत, परवानगी देऊन फसलात तर तुम्ही आणि तुमचं नशीब, असं त्यांचं म्हणणं. आणि ते गोठलेले ७,२१२? ते सोडवायला कोर्टाचा आदेश हवा, असं तेव्हा सांगितलं. वकिलाने पहिल्या भेटीचे ५,००० सांगितले. उरले २,२१२, त्यात तारखांना जायचं-यायचं.

पैशांहून जास्त भीती कागदांची आहे. आधार, पॅन, बाबांचा सातबारा, सही केलेला रद्द चेक, सगळं त्याच्याकडे आहे. मी दोघांच्याही आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं आणि क्रेडिट रिपोर्ट मागवला. सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट कंपनीला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो, त्याचे पैसे कुणाला देऊ नका. आपल्या नावावर कर्ज उचललेलं नाही ना, हे दर थोड्या महिन्यांनी बघतो.

फीचं म्हणाल तर कॉलेजने दंड लावून मुदत दिली. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज भरला, तो फुकट असतो, आणि त्या क्लार्क मॅडमच्या शाखेतून साडेसात लाख मंजूर झाले. रक्कम थेट कॉलेजच्या खात्यात गेली, माझ्या हाताला लागलीच नाही. खऱ्या शैक्षणिक कर्जात फीचे पैसे असेच जातात. प्रोसेसिंग फी शून्य. कमी पडलेले साठ हजार मामांनी दिले. मामी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

गेल्या आठवड्यात फोन आला. ‘सायबर सेलमधून बोलतोय, डॉक्टर. तुमचे ६०,५२८ रिकव्हर झालेत, फक्त कोर्ट फी भरायची आहे, ४,७२०.’ मी फोन कानाला लावूनच मनात हिशोब केला. चार हजार, आणि त्यावर १८ टक्के.