पांगुरुरानची बाताक मिस्सा: गोंदांग ऐकायचं तर इथे

सुमात्रातल्या तोबा सरोवरातलं सामोसिर बेट, त्याच्या पश्चिम काठावर पांगुरुरान. इथलं संत मायकल चर्च इथल्या बाताक लोकांच्या पारंपरिक घराच्या धाटणीचं आहे: दोन्ही टोकांना उंचावत गेलेलं छप्पर, लाल-काळ्या-पांढऱ्या रंगांतली गोर्गा नक्षी. पारापातहून फेरीने तोमोकला उतरा, पुढे रस्त्याने जा. मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, बाताकमध्ये आहे की इंडोनेशियनमध्ये, हे आदल्या दिवशीच विचारून घ्या.

उपासनेचा क्रम रोमनच. बाताक रंग भरतो प्रवेशाला आणि अर्पणाला: तोर्तोर नाच, खांद्यावर उलोस म्हणजे हातमागाचं पारंपरिक वस्त्र, आणि गोंदांग म्हणजे बाताकांचं ढोल-घंटांचं वादन. पितरांच्या पूजेशी नातं म्हणून प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी एकेकाळी गोंदांगवर बंदी आणली होती. कॅथलिकांना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली स्थानिक संगीताची वाट मोकळी करून दिली. आज हा वारसा सांभाळायची जबाबदारी तरुणांवर आहे, आणि खरी कसोटीही तिथेच लागते.

गोंदांग साबांगुनान या मोठ्या वाद्यसंचामध्ये पाच सुरांचे तागानिंग ढोल, मोठा गोर्दांग ढोल, सनईसारखं सारुने, चार ओगुंग म्हणजे लटकत्या घंटा आणि ठेका धरायला ठोकून वाजवायचा हेसेक. तागानिंगच्या खालच्या पाचरा ठोकल्या की कातडं ताणलं जातं आणि सूर चढतो. दमट हवेत ते सैल पडतं, म्हणून मिस्सेआधी सूर लावायलाच हवा. सारुनेचा सूर कीबोर्डशी जुळत नाही. दोन्ही एकदम वाजले की गायकवृंदाला कोणता सूर धरावा तेच कळत नाही, तेव्हा दोघांपैकी एकच ठेवावं. बंद वास्तूत साबांगुनान आवाजी वाटलं, तर हासापी (तंतुवाद्य), गारांतुंग (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) आणि सुलिम (बासरी) यांचा मवाळ संच उत्तम.

बऱ्याच ठिकाणी तरुण मंडळी कीबोर्डातला तयार ठेका लावून मोकळी होतात. हे पटत नाही. तो ठेका नाचणाऱ्यांसाठी थांबत नाही. तागानिंगवाला मात्र त्यांच्या पावलांकडे बघत लय सांभाळतो. मिरवणूक वेदीपाशी लवकर पोहोचली तरी तो दोन आवर्तनांत सुबकपणे सम गाठतो.

उलोस निवडतानाही थोरांना विचारावं. सिबोलांग दुःखाच्या प्रसंगी वापरतात. आनंदाला रागी होतांग किंवा सादुम. शिवाय दुसऱ्याच्या खांद्यावर उलोस घालण्याचा मान हुला-हुलाचा, म्हणजे पत्नीच्या माहेरच्यांचा. पाहुण्या धर्मगुरूंना तो कुणी घालायचा, हे आधी ठरलेलं नसलं तर ऐन अर्पणाच्या वेळी कुजबुज सुरू होते.