हवेची सीट-गादी: ९ महिन्यांनंतर, टोपणाच्या रागात

"काय व्हयनं भाऊ, पंक्चर का?"

"गाडी नही भो, गादी पंक्चर व्हयनी."

जुलैतली गोष्ट. मुकटी ओलांडून पारोळ्याकडे निघालो होतो आणि बुडाखालून काहीतरी हळूहळू बसत चाललंय असं वाटायला लागलं. आधी मागच्या टायरवर संशय घेतला. टायरच्या दुकानासमोर गाडी लावून लाथ मारून पाहिली, टायर टणक. गादी मात्र पोळीसारखी चपटी. हवेच्या तोंडाचं टोपण गायब, आणि त्याला धरून ठेवणारी रबराची शेपटी तुटून लोंबत होती. टायरवाल्याने कौतुकाने कॉम्प्रेसरची नळी आणून लावून पाहिली, बसेना. हसला आणि परत गेला. त्याच्याकडे आणखी दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनाही त्याने बोलावून गादी दाखवली.

तर दुचाकीच्या सीटवर बांधायची ही हवेची गादी मी गेल्या नोव्हेंबरात ऑनलाइन मागवली, २,१९९ रुपयांना. कंपनीचं नाव लिहीत नाही. शिव्या देतानाही फुकटची जाहिरात का करायची? जाळीचं कव्हर, आत एकमेकांना जोडलेले हवेचे कप्पे, खाली दोन पट्टे, हे सगळं तुम्ही फोटोत पाहिलेलंच असेल.

माझं काम बियाण्यांचं. अमळनेरहून निघायचं, चोपडा, शिरपूर, शहादा, कधी धुळे, कधी एरंडोल, दुकानं फिरायची, शेतात उभं राहायचं, रात्री घरी. महिन्याला दीड हजार किलोमीटर तर कुठेच गेले नाहीत. त्यात बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता ज्याने दुचाकीवर पाहिलाय त्याला मी काय म्हणतोय ते सांगायला नको. गाडी १५० सीसीची, ॲव्हरेज झकास, इंजिनाबद्दल तक्रार नाही. सीट मात्र पुढे उतरती. ब्रेक दाबला की माणूस टाकीवर जातो, मग हातांनी मागे सरकायचं, पुन्हा ब्रेक, पुन्हा टाकी. ४० किलोमीटरनंतर बसायच्या दोन हाडांखाली आग आणि ६० नंतर मुंग्या. शिरपूरला उतरलो की दुकानदार आबा म्हणायचे, बसा. मी म्हणायचो, उभाच बरा आहे.

गादीच्या आधी एक मूर्खपणा करून झाला होता, तो सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील. धुळ्यात एका कुशनवाल्या चाचांकडे सीट उघडायला दिली आणि वरून दोन इंच नरम फोम टाकायला सांगितला. चाचा म्हणाले, "साब, नरम नका मागू. आता गोड लागेल, धुळं सोडलं की शिव्या द्याल." मला वाटलं, जाड फोम महाग पडतो म्हणून टाळताहेत. हट्टाने टाकून घेतला, ६०० रुपये. धुळ्याजवळच्या फागण्यापर्यंत सोफ्यावर बसल्यासारखं वाटलं. नंतर तो फोम असा दबला की हाडं थेट खालच्या कडक थराला टेकली, आणि भोवतालचा नरम फोम मांड्यांना चिकटून घाम काढायला लागला. वर सीट उंच झाली, सिग्नलला पाय नीट टेकेनात. पंधरा दिवसांत परत गेलो. चाचांनी "मी म्हटलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही, त्याचं जास्त वाईट वाटलं. नरम फोम काढला, मूळचा परत बसवला, आणि पुढच्या उताराखाली कडक रिबाँड (तुकडे दाबून केलेल्या) फोमची पाचर घालून सीट जवळपास सपाट केली. ३५० रुपये. घसरणं त्या दिवशी थांबलं. हे काम आधी करायला हवं होतं. ज्यांची सीट उतरती आहे त्यांनी बाकी काहीही घेण्याआधी ही पाचर घालून घ्या.

मुंग्या मात्र राहिल्या, म्हणून हवेची गादी.

पहिला महिना मी तिला मनापासून शिव्या दिल्या. पैसे मोजलेत तर पुरेपूर वसूल करायचे, या हिशेबाने गाल फुगवून फुगवून कच्च भरली. वर बसलो तर फुटबॉलवर बसल्यासारखं. वळणावर गाडी एकीकडे आणि मी दुसरीकडे. ट्रक शेजारून गेला की डुलायचो. डिसेंबरात परत पाठवायला खोकंही शोधलं, पण ते बायकोने कांद्यांसाठी वापरलं होतं.

मग घरातच उलगडा झाला. माझ्या आजीचं माकडहाड मोडलं तेव्हा तिच्यासाठी हवेचा बेड आणला होता, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. तो लावून देणारा माणूस तेव्हा सांगून गेला होता की गादी टम्म झाली तर काही उपयोग नाही, माणूस तिच्यात थोडा बुडाला पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्याला जखमा होतात त्या एकाच जागी दाब पडून तिथला रक्तपुरवठा अडतो म्हणून. आपल्या मुंग्यांचं मूळही तेच: सगळं वजन दोन हाडांवर, मधल्या मांसातलं रक्त आणि शिरा दबलेल्या. हवा एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकली तरच वजन पसरणार. टम्म फुगवली की हवेला सरकायला जागाच नाही. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "अहो, म्हणजे आजींच्या गादीवर बसून बियाणं विकता की!"

मग पद्धत बसली. गादी अर्धवट भरायची, गाडीवर बसायचं, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवायचे (गाडी स्टँडवर, हे लिहायला नको, पण एकाने विचारलं होतं). मग गादीचं तोंड किंचित उघडून हवा सोडत जायची. हाड सीटला टेकणार टेकणार असं वाटलं की बंद. बुडाखाली हात घातला तर बोटभर फट राहिली पाहिजे. वरून बघितलं तर गादी रिकामीच वाटते, लोक विचारतात की हवा कमी झालीय का. होऊ द्या विचारू. जानेवारीत चोपडा, शिरपूर, शहादा आणि परत असा दिवस काढला, मध्ये तीनदा उतरलो, आणि रात्री जेवायला मांडी घालून बसलो. त्याआधी सहा महिने मी खुर्चीवर जेवत होतो.

इथे माझं मत फिरलं. फेब्रुवारीत मी चार जणांना ही गादी घ्यायला लावली. त्यातल्या दोघांचे अजून फोन येतात.

उन्हाळ्यात आणखी एक शहाणपण आलं. सकाळी सहाच्या गारव्यात बोटभर फट ठेवून निघालो, आणि दुपारी दोनला गादी पुन्हा फुटबॉल. अकरावीतला वायूंचा नियम इतक्या जवळून कधी कळला नव्हता. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, त्यात गाडी कृषी केंद्रासमोर उन्हात, सीट काळी. आतली हवा फुगणारच. त्यामुळे दुपारी चिमूटभर हवा सोडायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन फुंका परत भरायच्या. तोरणमाळला गेलो तेव्हा सातपायरी घाटातही हेच झालं: वर चढलो तसा हवेचा दाब कमी, गादी ताठ. खाली उतरलो तर ढिली. रोज हवा कमी-जास्त करायची म्हणजे ते टोपण दिवसातून दोन-तीनदा उघडायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जेलची गादी एका मित्राची आठवडाभर वापरली. उन्हात तवा होते आणि सावलीत आणली तरी लवकर निवत नाही. इतकं पुरे. पावसाळ्यात हवेच्या गादीखाली पाणी साचतं, म्हणून मुक्कामी उतरल्यावर काढून उभी ठेवावी लागते. पट्टे बरे आहेत, एकदाही सुटले नाहीत. मागे बसणाऱ्याला काही फायदा नाही. सप्तशृंगी गडावरून परत येताना बायकोने मला देवळ्यापासून काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता टोपणाकडे येतो.

सबंध गादीत सगळ्यात जास्त वेळा हात कशाला लागतो? टोपणाला. सगळ्यात हलकं काय बनवलंय? टोपण. करंगळीच्या नखाएवढं रबर, आणि सुतळीएवढी शेपटी. उन्हाने ती शेपटी एप्रिलपासूनच पांढरी पडून तडकायला लागली होती, मी पाहत होतो. दोन हजारांच्या वस्तूला पाच रुपयांचं टोपण, आणि तेही सुटं मिळत नाही. कंपनीला फोन केला. चौथ्या वेळी एक मुलगी बोलली, फार गोड. "सर, कॅप अलग से नहीं आती, पूरा युनिट लेना पड़ेगा." मी म्हटलं, बाई, पेनाचं टोपण हरवलं तर पेन फेकतात का? ती म्हणाली, "सर, वॉरंटी में वाल्व कव्हर नहीं होता." मी विचारलं, मग काय कव्हर होतं? शिलाई. म्हणजे जे कधी उसवणार नाही ते. मेल केली, फोटो पाठवले, तुटलेली शेपटी नाण्याशेजारी ठेवून काढलेला फोटोही पाठवला. उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

सायकलवाला, पंपवाला, खेळण्यांचं दुकान, सगळीकडे तोंड घेऊन फिरलो. पोहायच्या रिंगचं बूच मोठं, फुग्याचं लहान. पेन्सिल घासून बसवली तर दहा किलोमीटरवर शिट्टी वाजायला लागली.

या रागाच्या दहा दिवसांत एक गोष्ट मात्र चांगली झाली. गादी नव्हती, म्हणून ती खरंच किती काम करते ते कळलं. कारण एक कबुली द्यायची राहिलीये. ज्या जानेवारीत मला हवेची युक्ती सापडली त्याच आठवड्यात मेकॅनिकने माझ्या मागच्या शॉकअपकडे बघून विचारलं होतं, "भाऊ, मागं किती वजन घेता?" खरिपात मी बियाण्यांच्या पिशव्या लादतो म्हणून कधीतरी शॉकअप पाचव्या खाचेवर, म्हणजे सगळ्यात कडक केला होता आणि तसाच विसरलो होतो. एकटा माणूस, कडक स्प्रिंग: प्रत्येक खड्डा सरळ कमरेत. त्याने पाना लावून दुसऱ्या खाचेवर आणला, एक चहा घेतला. मी मात्र सगळं श्रेय गादीला देऊन मोकळा झालो होतो, आणि त्या चौघांनाही तेच सांगितलं होतं.

बिनगादीच्या दहा दिवसांत दिसलं की कमरेतला दणका परत आला नाही. तो शॉकअपनेच गेला होता, गादीचा त्यात काही हात नाही. पण ५० किलोमीटरला मुंग्या बरोबर हजर. म्हणजे दुखणी दोन होती आणि मी एकच समजत होतो. ज्याचं दुखणं खड्ड्यात आदळल्यावर कमरेत होतं, त्याने आधी शॉकअपची खाच बघावी, फुकट आहे. सपाट हायवेवरही बूड बधिर होत असेल तर गादी. त्या दोघांना फोन करून हे सांगितलं. एकाची खाच चौथी निघाली. त्याने दोन हजार कोण देणार असं विचारलं, मी रेंज नसल्यासारखं केलं.

फुकटचं अजून एक: पाकीट मागच्या खिशात ठेवून बसू नका. मी वीस वर्षं एका बाजूने उंच बसत होतो. आणि दर ५०-६० किलोमीटरला उतरून दोन मिनिटं उभं राहायचं, स्पीडब्रेकर फूटरेस्टवर उभं राहून पार करायचा. गादी असली तरीसुद्धा.

टोपण शेवटी गावातच मिळालं. मेडिकलवाल्या भाऊंकडे आईच्या गोळ्या घ्यायला गेलो होतो, गादी हँडलला लटकलेली. त्यांनी तोंड बघितलं, आत गेले आणि जनावरांच्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीचं रबरी बूच घेऊन आले. वरची पत्र्याची पट्टी कात्रीने सोलली, बूच ओलं करून पिळून बसवलं. घट्ट. रात्रभर ठेवली तर किंचित उतरते, पण एवढी मी तशीही सकाळी भरतोच. उघडायला नखाने ओढावं लागतं, नख दुखतं. तीन आठवडे झाले, पारोळा, एरंडोल, धुळे करून झालं, उडालेलं नाही. दोऱ्याने पट्ट्याला बांधून ठेवलंय.

गुण द्यायचे तर गादीला दहापैकी साडेसात. टोपणाला शून्य, ते कमीत कमी आहे म्हणून. चाचांच्या पाचरीला नऊ. पुन्हा घेईन का? अर्ध्या किमतीत मिळाली तर.

परवा कंपनीचा मेसेज आला. टोपणांचा संच आता उपलब्ध, दोन नग ३४९ रुपये, डिलिव्हरी वेगळी. माझ्या टूलबॉक्समध्ये चार बुचं पडलीत. भाऊंनी त्याचे पैसे घेतले नाहीत, म्हणाले, म्हशीच्या नावावर लिहिलंय.